शिरढोणची सुमती

माझ्या संसारात दुसरी बाई शिरली ती एका गारेपायी. गार म्हणजे आभाळातून पडते ती. कमळाकर जेवत होता, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ताटासमोर उभा केलेला. एकदम त्याचा घास हातातच राहिला आणि तोंडातून निघालं, "काय सुंदर हाय." मी वाकून बघितलं. फोटोत एक गोरं मनगट, त्याच्याजवळ लिंबाएवढी गार, आणि आकार कळावा म्हणून गारेला टेकवून ठेवलेली काचेची बांगडी. सुंदर कोणाला म्हणाला ते मी विचारलं नाही. कालवणाची पळी मात्र जरा जोरात आपटली.

कमळाकर माझा नवरा. तोंडावर मी त्याला "अवो" म्हणते, पण हे मी मनातलं सांगतेय, म्हणून इथे तो कमळाकर. आमचा मंडपाचा धंदा. पळस्प्याला गोव्याचा रस्ता फुटतो तिथून आत गावात आमचं घर, आणि घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी खांब, कापडं, खुर्च्या, कनाती. काही वर्षांपूर्वी भर वैशाखात एका हळदीला आमचा मंडप वादळात उडाला. कनात भाताच्या टोपात जाऊन पडली आणि नवऱ्या मुलाच्या मामाच्या डोक्याला टाके पडले. जिवावरचं टाके पडण्यावर निभावलं, पण कमळाकरने हाय खाल्ली. तेव्हापासून त्याने आभाळाचा अभ्यास सुरू केला. आधी आभाळाला घाबरायचा, मग घाबरता घाबरता त्याच्या प्रेमातच पडला. मोबाइलवर रडार बघायचं, विजा कुठे पडतायत तो नकाशा बघायचा, कुठकुठल्या देशांतली हवामानाची चित्रं बघायची, आणि संध्याकाळी गडगडाट होणार की नाही ते ग्रुपवर टाकायचं. ग्रुपचं नाव "पनवेल मेघवार्ता". मंडपवाले, वीटभट्टीवाले, क्रिकेटच्या मॅची भरवणारे, पापड वाळत घालणाऱ्या बाया, सगळे त्यात. घरात हळद असली की लोक भटजीला मुहूर्त विचारतात आणि कमळाकरला आभाळ.

इथपर्यंत माझं काही म्हणणं नव्हतं. उलट मी मिरवायचे. मग ही रुचिरा आली, माहेरच्या गारेचा तो फोटो टाकणारी.

रुचिरा तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. वीज चमकायला लागली की उंचावर चढलेल्या कामगारांना खाली उतरवायचं हे तिचं काम, त्यामुळे तिलाही आभाळाचं वेड. माहेर निफाडकडचं, द्राक्षांचं. एका गारपिटीत वडिलांचा मळा झोडपून निघालेला, म्हणून गारा तिच्या डोक्यात बसलेल्या. हे सगळं मला कमळाकरने सांगितलं, न विचारता. तिने ग्रुपवर दोन-तीन अंदाज असे दिले की वेळेसकट बरोबर आले, आणि कमळाकरने तिला ॲडमिन करून टाकलं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मला त्याने गोदामाची किल्ली पण कधी आपण होऊन दिली नाही.

मग सुरू झालं. सकाळी चहा पिताना रुचिरा म्हणते आज घाटावर दमट हवा जास्त आहे. दुपारी रुचिरा म्हणते माथेरानच्या मागे ढग फुटतोय. रात्री अंथरुणात पडल्यावर पाठ माझ्याकडे आणि मोबाइलचा उजेड भिंतीवर. मी विचारलं, "झोपायचं नाय का?" तर म्हणाला, "कर्जतवर विजा चालू हायेत, रुचिरा पण जागी हाय." आता तुम्हीच सांगा, हे बायकोला सांगायचं वाक्य आहे का? आणि सांगणारा असा निरागस, की भांडायला पण जागा नाही.

एकदा ती घरी पण आली. पाऊस मोजायचं यंत्र आमच्या गच्चीवर बसवायचं होतं. येणार कळल्यावर मी ठेवणीतली हिरवी साडी काढली, मोरपंखी काठाची. गजरा माळला. चहा घेऊन वर गेले तर दोघं गुडघ्यांवर बसून यंत्राची पातळी बघत होते, डोकी जवळजवळ. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, हसली, "वहिनी, बसा ना" म्हणाली. कमळाकर काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, "ललिता, जरा सरक, यंत्राला आडोसा होतोय."

त्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला तो झालाच. रात्री तो झोपल्यावर मी त्याचा मोबाइल घेतला आणि त्या दोघांचं बोलणं पहिल्यापासून वाचायला बसले. एक बदाम सापडला असता, एखादा गुलाब, निदान "जेवलात का" एवढं जरी सापडलं असतं, तर मी सकाळी घर डोक्यावर घेतलं असतं. काही म्हणून सापडलं नाही. नुसते ढग. पानंच्या पानं ढग. ढगाचा माथा पसरट होऊन लोहाराच्या ऐरणीसारखा दिसायला लागला की समजायचं तो मोठा झाला. ऐरणीचं टोक ज्या बाजूला लांबतं तिकडे वरचा वारा वाहतो. पावसाच्या आधी थंड वारा जमिनीला घासत पुढे धावतो आणि मंडप पाडतो तो हाच, पाऊस नव्हे. मी पुरावा शोधत होते आणि मिळत होतं शिक्षण. रोज रात्री थोडं थोडं वाचायचे. राग तसाच राहिला, पण ढग कळायला लागले.

पण चोरून वाचायचं किती दिवस? ती दोघं ग्रुपवर दिवसभर काय बोलतात ते मला त्या त्या वेळी बघायचं होतं. म्हणून कमळाकरनेच टाकून दिलेला काच फुटलेला मोबाइल घेतला, भावजयीचं पडून असलेलं सिम घातलं, आणि ग्रुपात शिरले. नाव टाकलं सुमती, गाव शिरढोण. शिरढोण माझं माहेर, पळस्प्यापासून हाकेच्या अंतरावर. आभाळ तेच, म्हटलं कोणाला काय कळतंय.

आता गंमत अशी, की ग्रुपला रुचिराने एक नियम घातलेला. वळवाच्या दिवसांत प्रत्येकाने रोज एक निरीक्षण पाठवायचं. आभाळाचा फोटो, दिशा, आणि मुठी. मुठी म्हणजे हात ताठ लांब करायचा, मूठ वळायची, आणि जमिनीच्या रेघेपासून ढगाचा माथा किती मुठी वर आहे ते मोजायचं. थोड्या वेळाने परत मोजायचं. मुठी वाढल्या तर ढग फुगतोय किंवा जवळ येतोय. जो नुसता बसून वाचतो, त्याला ॲडमिन काढून टाकणार. म्हणजे नवऱ्यावर पाळत ठेवायची तर मला रोज गच्चीवर जाऊन ढग मोजणं भाग. गेले. कपडे वाळत घालताना एक हात लांब करून मुठी मोजायचे. शेजारच्या गुणाबाईने एकदा विचारलं, "ललिते, कोणाला ठोसा दाखवतंस?" मी म्हटलं, "आभाळाला."

सुमतीचं नाव व्हायला वेळ लागला नाही. मी चिडून काम केलं की नीट करते, हा माझा स्वभाव. एकदा दोघांनीही पनवेल कोरडं म्हणून टाकलं होतं, आणि सुमतीने लिहिलं की प्रबळगडावरचा ढग डाव्या अंगाला नवीन कोंब काढतोय, तो इकडे सरकणार. सरकला. तासाभरात गडगडाट. कमळाकर गोदामातून धावत घरात आला, मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "ही बाई बघ. शिरढोणची सुमतीताई. काय नजर हाय."

"कोण सुमती?" मी विचारलं.

"तुझ्या माहेरची हाय. तुला म्हाईत असल."

"आमच्या गावात अशी कोणी नाय."

"असल गं. शांत बाई वाटते. मोजकंच लिहिते, पण एक शब्द वायफळ नाय."

शांत बाई. मोजकं बोलणारी. मी तोंडात पदर घातला, हसू आवरायला, पण हसू आलंच नाही. त्याचे डोळे असे चमकत होते की बस. हे डोळे मी लग्नाच्या वर्षी बघितले होते. नंतर गारेच्या फोटोवर बघितले. आणि आता सुमतीवर. रुचिरावरचा जळफळाट काय कमी होता, त्यात ही आणखी एक सवत मीच घरात आणून बसवली.

मग मी एक करून बघितलं. एका दुपारी जेवताना सहज म्हटलं, "अवो, माथेरानकडचा ढग वरून पसरायला लागलाय. संध्याकाळी वारा येईल." त्याने वर पण बघितलं नाही. म्हणाला, "तू आपली भाकरी बघ, करपतेय." भाकरी करपत नव्हती. मी आत गेले, फुटका मोबाइल काढला आणि तेच वाक्य सुमतीच्या नावाने टाकलं. बाहेरून लगेच त्याची हाक आली, "ललिता, माझं ताट झाक. सुमतीताईंचा मेसेज आलाय, पोरांना खांब आवळायला सांगून येतो." झाकलं ताट. डोळ्यांतून पाणी आलं ते मिरचीचं नव्हतं. मला त्याच्या तोंडून एकदा तेवढं ऐकायचं होतं, की ललिता म्हणते वारा येणार. सुमती नाही, रुचिरा नाही. ललिता म्हणते.

ह्या मे महिन्यात माझ्या दिराच्या, सुभाषच्या मुलीची हळद आली. अंकिता. एकच मुलगी, आणि काकाचाच मंडप. कमळाकरने गोदामातलं होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं. लोखंडी ट्रसचा, म्हणजे जाळीदार खांबांच्या सांगाड्याचा, मोठा मंडप, वर पिवळं-पांढरं चुण्यांचं सीलिंग, तिन्ही बाजूंनी कनाती, स्टेजमागे भिंतीएवढी एलईडी. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. दुपारपासून माणसं यायला लागतात आणि पहाटेपर्यंत नाचतात. सकाळीच त्याने ग्रुपवर टाकलं होतं की ढग घाटातच उगवून घाटातच मरतील, पनवेलला कोरडी संध्याकाळ. रुचिरानेही त्या मेसेजखाली होकाराचा अंगठा टाकला होता.

आणि रुचिराला त्याने हळदीला बोलावलं होतं. आली. पिवळी साडी नेसून, केस मोकळे सोडून. सुभाषने तिला पुढच्या सोफ्यावर बसवलं. कमळाकर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "या आमच्या रुचिरा मॅडम, हवामानवाल्या." मी भाकऱ्यांच्या टोपल्या मोजत होते. माझी ओळख कोणी कोणाला करून देत नव्हतं, आणि द्यायचं कारणही नव्हतं म्हणा, सगळा गाव मला ओळखतो. तरी वाटलं.

ऊन कलायला लागलं होतं. पाट मांडला गेला, अंकिता पाटावर बसली, आणि गुणाबाई धवले म्हणायला लागली. आमच्यात हळदीला धवलारीण लागते, तिच्या गाण्यांशिवाय हळद लागत नाही. गुणाबाई डोळे मिटून गाते, मग तिला जगाचं भान नसतं. ओटीचं ताट घरी राहिलं होतं ते आणायला मी निघाले, आणि घरापर्यंत गेलेच आहे तर म्हणून गच्चीवर चढले. सवयच झाली होती.

पूर्वेकडे बघितलं आणि पाय जागच्या जागी थांबले. माथेरान दिसतच नव्हतं. त्याच्या जागी काळंनिळं उभं होतं, आणि वर ऐरण अशी पसरलेली की तिची कड आमच्या डोक्यावर आलेली. मी हात लांब करून मुठी मोजल्या. यंत्रावरची धूळ पुसली, परत मोजल्या. वाढल्या होत्या. आणि काळ्याच्या खाली, डोंगराच्या पायथ्याला, आडवी लांबच लांब एक गुंडाळी, लाटण्यासारखी, पुढे पुढे येणारी. हे मी आधी कधी प्रत्यक्ष बघितलं नव्हतं, पण वाचलं होतं. रुचिराने कमळाकरला समजावून लिहिलं होतं, रात्री दीड वाजता, ज्याच्यावरून मी दोन दिवस बोलले नव्हते. ही गुंडाळी दिसली की वाऱ्याला वेळ नसतो. गच्चीवर एक पान हलत नव्हतं. सकाळपासून होता तो वारा पडला होता.

फोटो काढला आणि धावत खाली आले. कमळाकर स्टेजजवळ माइक घेऊन उभा, शेजारी सुभाष आणि दोन-चार बिल्डर पाहुणे.

"अवो, सीलिंग सोडा," मी म्हटलं. "मोठा वारा येतोय. मी बघून आले."

पाहुणे हसले. सुभाष म्हणाला, "वहिनी, आमच्याकडे दोन दोन हवामानवाले हायेत आज. तुमी कशाला काळजी करताय?"

कमळाकरने माइक खाली धरला. "ललिता, तो ढग घाटातच मरणार हाय. सकाळीच टाकलंय मी. तू भाकऱ्या कमी पडणार नायत ते बघ."

परत भाकरी. चारचौघांत. पलीकडे सोफ्यावर रुचिरा बसलेली, दोन्ही हात हळदीने भरलेले, मोबाइल पिशवीत. ती आमच्याकडेच बघत होती. माझ्या मनात आलं ते मी लपवत नाही. मनात आलं, उडू दे. ह्या बाईसमोरच उडू दे मंडप. सगळ्या गावाला कळू दे की मॅडम पण चुकतात आणि मालक पण. मग येऊ दे तोंड घेऊन माझ्याकडे. असं गोड वाटलं ते, की काय सांगू.

तेवढ्यात गुणाबाईचा आवाज चढला. ट्रसच्या आडव्या खांबाखाली, एलईडीच्या पुढ्यात, ती डोळे मिटून गात होती आणि अंकिताच्या गालावर कोणीतरी हळद लावत होतं. पोर हसत होती. माझ्या गोडाचं कडू झालं. जेवणाच्या टोपांमागे गेले, कमरेचा फुटका मोबाइल काढला, फोटो टाकला आणि लिहिलं, "सुमती, शिरढोण. पूर्वेला खाली गुंडाळी आली आहे. वारा पूर्ण पडला आहे. पळस्प्यात हळद असेल तर मंडप आत्ता सोडा, माणसं बाहेर काढा."

टोपाच्या आडून बघत राहिले. कमळाकरच्या खिशात मोबाइल वाजला. त्याने काढला, वाचला, फोटो मोठा करून बघितला, आणि त्याचा चेहरा बदलला. मघाशी मी पुढे उभी राहून सांगितलं तेव्हा एक रेघ हलली नव्हती त्या चेहऱ्यावरची. त्याने माइक तोंडाशी नेला.

"सगळ्यांनी उठा. सुमतीताईंचा मेसेज हाय. वारा येतोय. बायकांनी पोरांना घेऊन समोरच्या शाळेत जा, पळू नका, धक्काबुक्की करू नका. काशिराम, सीलिंगच्या दोऱ्या तोड. सोडत बसू नको, तोड. कनाती उघडा सगळ्या."

त्याच्या कामाबद्दल मी कधी वाईट बोलणार नाही. कापड राहिलं की मंडपाचं शीड होतं, कापड गेलं की वारा आरपार निघून जातो आणि लोखंड उभं राहतं. काशिराम आणि गडी ट्रसवर चढले, कोयत्याने दोऱ्या तोडल्या, पिवळं-पांढरं सीलिंग सगळं खाली आलं. मी अंकिताला पाटावरून उठवलं. गुणाबाई उठेना, म्हणाली धवला अर्धा सोडत नाय. तिला एका दंडाला मी आणि दुसऱ्या दंडाला रुचिराने धरलं आणि गात गातच उचलून नेलं. तिच्या पांढऱ्या पातळावर रुचिराच्या हळदीचे पंजे उठले.

शाळेच्या व्हरांड्यात पोचतोय तोच वारा आला. आधी धूळ, मग खुर्च्या चेंडूसारख्या उडायला लागल्या. ट्रस करकरला, वाकला, पण उभा राहिला. एलईडीची भिंत मात्र पुढे कलली आणि पाटावर, सोफ्यांवर, गुणाबाई बसली होती त्या सतरंजीवर पालथी पडली. मग पाऊस, आणि पावसात टपटप गारा, बोराएवढ्या. पनवेलकडे गारा पडलेल्या मी जन्मात बघितल्या नव्हत्या. अंकिताने हळदीच्या वाटीत एक झेलली आणि रडता रडता हसली.

पाऊस ओसरल्यावर कमळाकरने शाळेतच सगळ्यांसमोर सांगितलं की आज सुमतीताई नसत्या तर काय झालं असतं ते बघा. उद्या लग्नाच्या मंडपात त्यांचा सत्कार करणार, आपण स्वतः जाऊन त्यांना घेऊन येणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, काय करणार. आणि घरी आले, ओली साडी पिळायला.

मागोमाग रुचिरा आली. चिंब भिजलेली, केस गालाला चिकटलेले, आणि तशीही छानच दिसत होती मेली. मी टॉवेल दिला. तिने तो तसाच हातात धरला.

"किती मुठी होत्या, वहिनी?" तिने विचारलं.

मी चुलीकडे तोंड केलं. "कसल्या मुठी?"

"मेसेज आला तेव्हा मी तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही टोपामागून मोबाइल कमरेला खोचत बाहेर आलात."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "आजच कळलं?"

"नाही. पहिल्याच फोटोत शंका आली. शिरढोणहून कर्नाळ्याचा सुळका एवढा बारीक दिसत नाही. मग मागच्या महिन्यातला फोटो आला, त्यात कोपऱ्यात आपलं पाऊस मोजायचं यंत्र होतं, आणि दोरीवर तुमची हिरवी साडी. मोरपंखी काठाची. मी आले होते त्या दिवशी तुम्ही नेसला होतात. फार छान दिसत होतात, म्हणून लक्षात राहिली."

"मग बोलली का नायस?"

ती जरा गोंधळली. "मला वाटलं दादांना माहीत असणार. तुमचं दोघांचं काहीतरी लाडाचं चाललंय, आपण कशाला मध्ये बोला. त्यांची गच्ची, तुमची साडी. त्यांना ओळखू येणार नाही असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, वहिनी."

चुलीवर काही नव्हतं, तरी मी तिथेच बघत राहिले. जिच्यावर जळले तिने मला पहिल्या फोटोत ओळखलं. ज्याच्यासाठी जळले तो ते फोटो रोज मोठे करकरून बघत होता. ढगाची कड न् कड त्याला दिसली. साडी दिसली नाही.

दारात कमळाकर आला, भिजलेला, खुशीत. "ललिता, त्या सुमतीताई फोन उचलत नायत. उद्या तू चल बरोबर, तुझंच गाव हाय. साडी-नारळ देऊ. कसली साडी घेऊ गं त्यांना?"

"हिरवी घ्या," मी म्हटलं. "मोरपंखी काठाची. तिच्याकडे एक हाय तसली, पण ती कोणाला दिसत नाय."

त्याला काही कळलं नाही. तो परत नंबर लावत होता. माझ्या कमरेला ओल्या साडीआड उजेड पेटला आणि मोबाइल थरथरायला लागला. त्याने आधी हातातल्या मोबाइलकडे बघितलं, मग माझ्या कमरेकडे. मी काढला आणि त्याच्या हातात ठेवला, फुटकी काच वर करून. त्याचाच टाकलेला मोबाइल. त्याने तो उलटसुलट करून बघितला. मला वाटलं आता हसेल, किंवा रागावेल. देवाशपथ सांगते, त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे सुमतीताई नायच?" तो म्हणाला.

इतका राग मला रुचिराचा कधी आला नव्हता जेवढा त्या क्षणी सुमतीचा आला. त्याच्या दुसऱ्या हातातला त्याचा मोबाइल मी ओढून घेतला, ग्रुप उघडला, सुमतीचं नाव शोधलं आणि तिला काढून टाकलं. ॲडमिनच्या मोबाइलवरून. रुचिराने टॉवेलला हात पुसले, आपला मोबाइल काढला आणि काहीतरी टाइप केलं. माझा खरा मोबाइल फडताळात वाजला. ग्रुपात नवीन नाव आलं होतं, ललिता, पळस्पे.

"चांगली बाई होती," कमळाकर म्हणाला, जमिनीकडे बघत.

"म्हाईत हाय. पण ह्या घरात ती नको."

बाहेर पुन्हा कुठेतरी गडगडलं. त्याने सवयीने खिडकीकडे मान वळवली, मग थांबला. माझ्याकडे बघितलं. अंदाज घेतात तसं, हळूच. "ललिता, जरा वर जाऊन बघतेस? मागून आणखी एक येतोय का?"

"आधी नीट सांगा," मी म्हटलं. "भाकरी बघू का ढग?"

त्याने रुचिराकडे बघितलं, मग माझ्याकडे. शेवटी म्हणाला, "ढग."

मी पदर खोचला आणि रुचिराला हाक मारली. आम्ही दोघी जिना चढायला लागलो, तसा तोही मागून निघाला. मी त्याला तिथेच थांबवलं, म्हटलं, तुमी खालीच राहा, यंत्राला आडोसा होतो. वर जाऊन रुचिराने आणि मी एकाच वेळी हात लांब केले, मुठी वळल्या आणि मोजायला लागलो. तिची एक मूठ जास्त भरली, तिचे हात माझ्यापेक्षा लहान आहेत, त्यावरून आम्ही हसलो. कठड्यावरून खाली बघितलं तर कमळाकर अंगणात चिखलात उभा होता, मान वर करून, आम्ही काय बोलतोय ते ऐकायचा प्रयत्न करत. बघू दे. थोडं त्यालाही जळू दे.